सात तारखेचा हिशेब

आमचे पत्र्याचे व्यापारी कधी आवाज चढवून बोलत नाहीत. बारा-तेरा वर्षांचा व्यवहार आहे, बाबांपासूनचा. २७ फेब्रुवारी २०२३ च्या सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हाही ते शांतच होते. "भाई, ऑर्डर मोटो छे, नफो सारो छे, बधुं बराबर. पण मारा पैसा क्यारे आवशे? तारीख कहो."

त्यांचे पैसे कधी येणार, याची तारीख माझ्याकडे नव्हती. "चार-आठ दिवसांत बघतो" असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला आणि संगणकावर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडलं. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत एकट्या त्या मोठ्या ऑर्डरवर नऊ लाख रुपये नफा दिसत होता. दुसऱ्या खिडकीत बँकेचं खातं उघडं होतं. कॅश क्रेडिट, म्हणजे धंदा फिरवायला बँकेकडून लागेल तशी उचल, आम्हाला चाळीस लाखांपर्यंत मंजूर होतं; त्यातले काढता येण्यासारखे ४१ हजार उरले होते. आठ दिवसांवर सात तारीख, आमच्याकडे पगाराचा दिवस. आठ तारखेला धुळेटी. कारखान्यातली निम्मी माणसं उत्तर प्रदेश-बिहारची, होळीला गावी जाणारी, गाडीची तिकिटं काढून बसलेली.

कॅश फ्लो हा शब्द मी त्याआधी शंभर वेळा वापरला असेल. पैसे अडकले की "कॅश फ्लोचा प्रॉब्लेम आहे" असं सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ मात्र मला त्या आठवड्यात कळला, तोही पेन्सिल घेऊन बसल्यावर.

आमचं वर्कशॉप बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत आहे. बाबांनी १९९१ साली सुरू केलं, मी २०११ पासून बघतो. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पेट्या बनवतो. सोळा गेज, चौदा गेज जाडीचा सीआरसीए, म्हणजे गुळगुळीत पोलादी पत्रा येतो. तो कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं, घासायचं आणि पावडर कोटिंगला पाठवायचा. परत येतो तेव्हा ७०३५ नंबरचा फिका करडा रंग चढलेला असतो. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पॅनेल हे बडोद्याचं जुनं काम, त्यामुळे आमच्यासारख्यांना कामाची ददात नाही. तेव्हा चौदा माणसं होती आणि महिन्याला साधारण वीस लाखांचं बिलिंग व्हायचं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, एका मोठ्या पार्टीकडून साठ लाखांची ऑर्डर आली. तीन महिने, दर महिन्याला वीस लाखांचा माल. म्हणजे आमचं काम एकदम दुप्पट. पेमेंट नव्वद दिवसांनी. मी दर नीट काढला होता. वीस लाखांमागे बारा लाखांचा पत्रा, पाच लाख मजुरी-कोटिंग-वीज-भाडं, तीन लाख नफा. पंधरा टक्के. आमच्या धंद्यात हे वाईट नाही. मी ऑर्डर घेतली आणि लाभपंचमीला मशीन सुरू करताना सगळ्यांना पेढे वाटले.

दर काढताना मी एकच प्रश्न विचारला होता: एका पेटीमागे किती सुटतात? कधी सुटतात, हा प्रश्न मनात आलाच नाही.

कागद घेऊन बसलो तो त्याच सोमवारी रात्री. मुलीच्या चित्रकलेच्या वहीचा मोठा कागद घेतला, बँकेचं एक नोव्हेंबरपासूनचं स्टेटमेंट छापलं आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायला लागलो. तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या होत्या. धंद्यातून आलेलं-गेलेलं हिरव्याने. यंत्रसामग्रीत गेलेलं निळ्याने. बँकेकडून घेतलेलं, फेडलेलं, घरी उचललेलं लालने. हे कुठे शिकलो नव्हतो. सगळं एकाच शाईत पाहून डोकं चालेना, म्हणून रंग वेगळे केले. नंतर आमच्या सीए मॅडमना तो कागद दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "रोख प्रवाह पत्रक असंच असतं. धंदा, गुंतवणूक, भांडवल-कर्ज, हे तीन भाग. लेखा मानक ३ मध्ये हेच आहे." मी विचारलं, मग दर वर्षी ताळेबंदाबरोबर मला हे का मिळालं नाही? कायद्याने छोट्या कंपनीलासुद्धा ते पत्रक सक्तीचं नाही, आणि आपली तर एकट्याच्या मालकीची पेढी, असं त्यांनी सांगितलं. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, एवढ्यावर आयकराचं भागतं. पगार वाटण्याचं त्यात भागत नाही, हे मला तेव्हा समजत होतं.

तीन संध्याकाळी लागल्या. त्या ऑर्डरचा एका महिन्याचा लॉट मी तारखांसकट मांडला, तोच इथे देतो.

पहिल्या लॉटच्या पत्र्याचे पैसे १० नोव्हेंबरला दिले. बारा लाख आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १४.१६ लाख. पत्र्यावाले सात दिवसांच्या वर उधारी देत नाहीत. त्यांनाही मिलला आधी पैसे भरावे लागतात. मजुरी, कोटिंग वगैरे पाच लाख महिन्याभरात गेले. २८ नोव्हेंबरला माल गेला, त्याच दिवशीचं बिल, वीस लाख अधिक ३.६० लाख जीएसटी. २० डिसेंबरला त्या बिलाचा जीएसटी भरला. पत्र्यावर भरलेले २.१६ लाख वजा करून १.४४ लाख. इथे मी थांबलो. गिऱ्हाइकाकडून अजून एक रुपया आलेला नाही आणि त्याच्याकडून यायचा असलेला कर मी सरकारला भरून मोकळा. जीएसटी बिलावर लागतो, पैसे आले की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे नियम म्हणून मला माहीत होतं. आपल्या पैशांतून दर महिन्याला दीड लाख असे पुढे जातात, हे मात्र कधी दिसलं नव्हतं.

एका लॉटमागे बाहेर गेले १४.१६, ५ आणि १.४४, मिळून २०.६० लाख. आत यायचे २३.६० लाख. फरक तीन लाख, म्हणजे नफा बरोबर होता. टॅली खोटं बोलत नव्हतं.

पण पहिल्या लॉटचे पैसे यायच्या आधी दुसरा आणि तिसरा लॉटही गेला होता. तिसऱ्याचा जीएसटी २० फेब्रुवारीला भरला. तीन लॉटचे मिळून ६१.८० लाख रुपये बाहेर, आत शून्य. त्यातले तिसऱ्या लॉटच्या पत्र्याचे १४.१६ मी दिलेच नव्हते. सात दिवसांच्या बोलीवर पन्नास दिवस होत आले होते. फोन त्याचाच होता. उरलेले ४७.६४ लाख माझे. बत्तीस लाख कॅश क्रेडिटमधून, अकरा लाख एफडी मोडून, बाकी नेहमीच्या कामातून हप्ते आणि घरखर्च भागवून जे उरलं ते.

मग मी कागदाच्या मधोमध एक ओळ लिहिली, ती अजून जपून ठेवली आहे. गिऱ्हाइकाकडे येणं ७०.८० लाख. त्यात माझे ४७.६४, पत्र्यावाल्यांचे १४.१६ आणि नफा ९.

ही बेरीज जुळली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत होतो. नऊ लाख कुठे आहेत, याचं उत्तर तिथे होतं. ते त्या पार्टीच्या खात्यात होते आणि सर्वांत शेवटी येणार होते. पहिले दोन चेक मिळून ४७.२० लाख, म्हणजे त्यांतून माझी घातलेली रक्कमसुद्धा पुरती परत येत नव्हती. नफा होता तो तिसऱ्या चेकमध्ये. टॅलीने मात्र तो २८ नोव्हेंबरला, बिल फाडल्या दिवशीच, जमा धरला होता. हिशेबाची रीतच तशी आहे आणि ती चूक नाही. माल दिला, हक्क निर्माण झाला, नफा नोंदला. चूक माझी, की मी तो आकडा बघून पैसे आल्यासारखा वागत होतो.

एक चूक त्याहून मोठी होती. निळ्या पेन्सिलीची एक ओळ होती, सप्टेंबरची. २२ लाखांचं सीएनसी प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं संगणकी यंत्र, घेतलं होतं. साडेसोळा लाखांचं कर्ज मिळालं, मार्जिनचे, म्हणजे स्वतः घालायचे साडेपाच लाख मी कॅश क्रेडिटमधून भरले. त्या वेळी खात्यात जागा होती, म्हणून काही वाटलं नाही. कॅश क्रेडिट असतं पत्रा आणि मजुरीसाठी, दोन-तीन महिन्यांत फिरून परत येणाऱ्या पैशासाठी. तो पैसा मी पंधरा वर्षं चालणाऱ्या यंत्रात घातला. तो पत्र्यासारखा फिरून येणार नव्हता. ते साडेपाच लाख मोकळे असते तर मार्चचे पगार सहज झाले असते. शिवाय दरमहा पस्तीस हजारांचा हप्ता. नफा-तोटा पत्रकात त्यातलं फक्त व्याज दिसतं, मुद्दल दिसत नाही. घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च दिसतो, पण तो कुणाला द्यावा लागत नाही. नफ्याचा आकडा आणि खात्यातली शिल्लक एकमेकांपासून अशी दोन्ही बाजूंनी लांब जाते.

बुधवारी बँकेत गेलो. तात्पुरती वाढीव मर्यादा मागितली. मॅनेजर साहेबांनी फेब्रुवारीअखेरची येणेकऱ्यांची यादी बघितली आणि पहिल्या बिलावर बोट ठेवलं. २८ नोव्हेंबरचं बिल फेब्रुवारीअखेर ब्याण्णव दिवसांचं झालं होतं. नव्वद दिवसांच्या वरचं येणं आमच्या मंजुरीपत्राप्रमाणे मोजणीत धरत नाहीत. पंचवीस टक्के मार्जिन काढून त्या बिलावर १७.७० लाखांची उचल धरली जायची, ती त्या दिवशी शून्य. ते म्हणाले, "हे पेमेंट येऊ द्या, मग बोलू." मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण पैसे जितके उशिरा येणार तितकी बँकेची मदतही कमी होणार, हे गणित आधी माहीत असायला हवं होतं.

आणि नव्वद दिवस झाले तरी पैसे का नाहीत? पार्टीच्या अकाउंट्समध्ये फोन केला, तर त्यांच्या लेखी नव्वद दिवस झालेच नव्हते. माल आमच्या गेटमधून २८ नोव्हेंबरला निघाला, त्यांच्या इन्स्पेक्टरने तपासून आवक नोंदवली १० डिसेंबरला. दिवस तिथून मोजायचे. म्हणजे १० मार्च. त्यांचं पेमेंट निघतं महिन्याच्या १५ आणि ३० तारखेला. म्हणजे १५ मार्च. हे सगळं परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी पुढचं पान वाचलं होतं, दराचं.

पत्र्याचे पैसे दिले १० नोव्हेंबरला, पेटीचे आले १५ मार्चला. मधे एकशे पंचवीस दिवस. मी डोक्यात नव्वद धरले होते. खेळतं भांडवल म्हणजे ह्या दिवसांचा खर्च, एवढंच. दिवस वाढले की भांडवल वाढवावं लागतं, आणि काम दुप्पट झालं की तेही दुप्पट लागतं. काम वाढलं की पैसा आपोआप वाढेल, या समजुतीवर माझ्यासारखे किती जण मोठ्या ऑर्डरी घेतात! जीआयडीसीत मंदीने बंद पडलेली वर्कशॉपं मी पाहिली आहेत, आणि कामाच्या ओझ्याखाली बंद पडलेलीही.

पगार झाले. मेहुण्याने तीन लाख दिले, सोळा तारखेला परत करायच्या बोलीवर. सहा मार्चच्या संध्याकाळीच सगळ्यांच्या हातात ठेवले. आमचे वेल्डिंगचे जुने कारागीर पाकीट खिशात घालताना म्हणाले, "शेठ, या वेळी एक दिवस आधी?" मी हो म्हटलं. मागे काय झालं हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच रात्री पत्र्यावाल्यांना फोन केला आणि दोन तारखा सांगितल्या: १६ मार्चला नऊ लाख, ३१ मार्चला उरलेले ५.१६. "बस, आटलुं ज जोईतुं हतुं," एवढंच हवं होतं, असं ते म्हणाले.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मी एक तक्ता भरतो. पुढचे तेरा आठवडे, म्हणजे एक तिमाही. प्रत्येक आठवड्याला सुरुवातीची शिल्लक, येणार किती आणि कुणाकडून, जाणार किती आणि कशासाठी, शेवटची शिल्लक. येणं लिहिताना बिलाची तारीख धरत नाही. ती पार्टी गेल्या चार वेळा खरोखर किती दिवसांनी पैसे देत आली, तेवढे दिवस धरतो. पगार सात तारखेला, जीएसटी वीसला, हप्ता पाचला, आगाऊ आयकर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधराला. हे हलत नाही, आधी तेच भरून टाकतो. सुरुवातीला तक्ता भरायला तीन तास लागायचे, आता पाऊण तास. पहिले दोन महिने अंदाज फार चुकले. पुढे चुकण्याची दिशा कळायला लागली: येणं मी नेहमी लवकर धरत होतो, देणं उशिरा.

बाबा एका गुरुवारी वर्कशॉपवर आले होते. त्यांच्या काळी लाल वहीत रोजमेळ असायचा. कालची शिल्लक, आज आले, आज गेले, आजची शिल्लक. गल्ला मोजून आकडा जुळल्याशिवाय ते घरी यायचे नाहीत. टॅली आल्यावर ती वही मीच बंद केली. त्यांनी माझा तक्ता चष्मा लावून बघितला.

"हे सगळं ठीक. पण पुढच्या आठवड्याची रक्कम तू आज कशी लिहिलीस? ती आली कुठे अजून?"

"येईल तेव्हा लिहिली तर काय उपयोग, बाबा? कमी पडणार असेल तर आधी कळायला हवं."

त्यांनी पुन्हा एकदा कागद बघितला. "आमच्या रोजमेळात उद्या नसायचा," ते म्हणाले. "माल नेताना माणूस पैसे मोजून जायचा. उद्याची गरज पडली नाही."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बाबांच्या वेळचा हिशेब कच्चा नव्हता. व्यवहार बदलला, रोखीचा होता तो नव्वद दिवसांच्या उधारीचा झाला, आणि हिशेबाची रीत मी बदलली नाही. वही मात्र बंद केली.

तक्त्यामुळे वागणंही बदललं. मोठ्या ऑर्डरला पत्र्यापुरता तरी आगाऊ पैसा मागतो. पूर्ण कधीच मिळत नाही, पण मागितल्यावर बरेच जण काही ना काही देतात. आधी मी मागतच नव्हतो. इन्स्पेक्शन आमच्याकडे येऊन करा, असं सांगतो. माणूस येतो, पेट्या मापतो, कोटिंगची जाडी तपासतो, सही करतो, मगच गाडी निघते. त्यांच्या गेटवर वाया जाणारे बारा दिवस तिथेच वाचतात. माल महिन्याच्या २८-३० तारखेला तयार झाला आणि पार्टीला घाई नसली, तर गाडी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काढतो. नोव्हेंबरच्या तीस तारखेच्या बिलाचा जीएसटी २० डिसेंबरला भरावा लागतो, डिसेंबरच्या एक तारखेच्या बिलाचा २० जानेवारीला. एका दिवसाने महिनाभर मिळतो, सगळं नियमात राहून.

एक पार्टी ट्रेड्सवर आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही ऑनलाइन व्यवस्था. आपलं बिल पार्टीने तिथे मान्य केलं की बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात, आणि पैसे आपल्याला लगेच मिळतात. पुढे पार्टी बँकेला देते. तिने नाही दिले तर बँक आपल्या मागे लागत नाही. ११.८० लाखांचं एक बिल मी नव्वद दिवस आधी नऊ टक्क्यांनी वटवलं, सुमारे २६ हजार गेले. पहिल्यांदा ते फार वाटले. मग तक्त्यात बघितलं, तो आठवडा उणे होता. आधी पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मर्यादा अडीचशे कोटींवर आणली. आमच्या कामाच्या पार्ट्यांपैकी आणखी काही त्यात येतील.

कायद्याबद्दलही लिहायला हवं, कारण मला ते उशिरा कळलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, लेखी करारानेही त्यापुढे नेता येत नाही, हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. म्हणजे मी ज्या नव्वद दिवसांवर सही केली ती अटच कायद्याला धरून नव्हती. तक्रार मी केली नाही. ज्याच्याकडून पुढच्या वर्षीचं काम हवं त्याच्यावर कोण दावा लावणार? फरक पडला तो २०२४ मध्ये. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, आकारणी वर्ष २०२४-२५ पासून. लघुउद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च पैसे देईपर्यंत खरेदीदाराला वजा मिळत नाही, त्याच्यावर कर पडतो. त्या फेब्रुवारीत माझ्या मोबाइलवर एकापाठोपाठ एक अकाउंट्सचे फोन, उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला, पाठवा म्हणून. एरवी त्याच माणसांना मी फोन करायचो. दोन ठिकाणची पेमेंट खरोखर पंचेचाळीस दिवसांवर आली. एका ठिकाणाहून मात्र काम कमी झालं. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारून उत्तर मिळालंही नसतं.

मागच्या महिन्यात पुन्हा मोठी ऑर्डर आली, ३६ लाखांची, तीन लॉट. मी दर काढला आणि तक्ता उघडून ते तीन लॉट त्यात बसवून बघितले. सहाव्या आठवड्यात शिल्लक उणे ७.४० लाख. पार्टीला पंचवीस टक्के आगाऊ मागितले, पंधरावर तोडलं, ५.४० लाख. उरले उणे दोन लाख. तिसरा लॉट दोन आठवडे पुढे ढकलायला ते तयार झाले. सहावा आठवडा साठ हजारांनी अधिकमध्ये आला. तेवढ्यावर मी हो म्हटलं नाही. एखादं नेहमीचं पेमेंट आठवडाभर लांबलं तर साठ हजार पुरत नाहीत.

मग मी पत्र्यावाल्यांना फोन केला. दुसऱ्या लॉटचा पत्रा सात दिवसांऐवजी पंचवीस दिवसांवर द्याल का, विचारलं, आणि त्यांनी विचारायच्या आत तारीख सांगितली. पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली. "लखी लीधुं," लिहून घेतलं, असं ते म्हणाले, आणि गाडी कधी पाठवू, एवढंच विचारलं.